तेलाचं बोट

एका विंचला रंग द्यायला असे किती दिवस लागावेत? पांढरकवड्याच्या गॅरेजातली पोरं ट्रकची अख्खी बॉडी दोन दिवसांत रंगवून मोकळी होतात. रूपसिंग राठोडाचं मात्र होळीपासून चाललं होतं. ऊन इतकं तापलं की अंगणातल्या कोंबड्याही चोच वासून बसायला लागल्या, तरी त्याचा ‘आणखी एक हात’ काही संपत नव्हता. तांड्यातली माणसं येता-जाता थांबत, कमरेवर हात ठेवून बघत आणि म्हणत, “काका, नवरी सजवून राह्यले का?” रूपसिंग ब्रश न थांबवता म्हणे, “घाईचा रंग सोलपटते, बाप्पा.” बोलणं खरं होतं. पण खऱ्या बोलण्याच्या आड माणूस काय काय लपवतो, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

विंच म्हणजे अडकलेल्या गाड्या ओढून काढायचं यंत्र. लिलावात घेतलेल्या एका जुन्या मिलिटरी ट्रकच्या पाठीवर तो बसवला होता: मधे लोखंडी ड्रम, त्याच्यावर गुंडाळलेला तारेचा दोर म्हणजे वायररोप, शेजारी गिअरचा डबा आणि ड्रमला मिठी मारून बसलेला ब्रेकचा पट्टा. नागपूर-हैदराबाद रस्ता दुपदरी होता तेव्हा नाल्यात उलटलेला, शेतात घुसलेला, चिखलात बसलेला ट्रक निघायचा तो रूपसिंगच्या हातानं. आज्याची लदेणी, म्हणजे माल वाहायचा धंदा, बैलांच्या पाठीवर होती, बापाची बंडीवर, आपली या ड्रमवर, असं तो छाती काढून सांगायचा. मग रस्ता चौपदरी झाला, टोलनाक्यावर मोठमोठ्या क्रेन येऊन उभ्या राहिल्या आणि रूपसिंगला कुणी बोलवेना. ट्रक कडुलिंबाखाली जाऊन बसला. विंचवर गंज चढला, ड्रमच्या कुशीत कोंबड्या अंडी घालायला लागल्या. कुणी भंगारात मागितला की रूपसिंग शिव्या देऊन हाकलायचा, एवढंच काय ते विंचचं काम उरलं होतं.

तो पुन्हा उभा करायची वेळ आली ती ओममुळे.

ओम हा रूपसिंगचा एकुलता एक पोरगा. त्याची छोटी पिकअप होती. तांड्याचा कापूस, तूर, भाजी, लग्नाची भांडी, जे मिळेल ते वाहायचा. तीन पावसाळ्यांपूर्वी एका संध्याकाळी तो पांढरकवड्याहून परत येत होता. नाल्याच्या ठेंगण्या पुलावरून पाणी चाललं होतं. पलीकडच्या काठावर शेळ्या घेऊन थांबलेल्या दोघांनी पिकअपचे दिवे पुलावर चढताना पाहिले, आडवे होताना पाहिले, आणि मग नुसतं पाणी पाहिलं. पोलीस आले, नावा आल्या, पोहणारे आले. नाला पैनगंगेला मिळतो तिथपर्यंत शोधलं. ओम सापडला नाही, पिकअपही सापडली नाही. पाण्यानं दोन्ही गिळून ढेकरसुद्धा दिला नाही.

मागे राहिली ती अंजू, ओमची बायको. लग्नाला वर्ष होत आलं होतं. आता ती सवाशीण होती का विधवा, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. भाऊ तिला माहेरी न्यायला आला तेव्हा तांड्याच्या नायकानं पंच बसवले. पंच म्हणाले, “मेल्याची काही खूण आना, मंग पोरगी घेऊन जा. उद्या धनी जिवंत उभा राह्यला तर तोंड कोनाले दाखवाचं?” भाऊ तालुक्याला जाऊन वकिलाला विचारून आला. वकील म्हणाला, सात वर्षं वाट पाहा, मग कोर्ट मेला म्हणेल. भाऊ हात हलवत परत गेला आणि अंजू कपाळाला कुंकू लावून चुलीपुढे बसली.

ओमची आई धुरपताबाई. तिला सगळा तांडा याडी म्हणायचा, याडी म्हणजे आई. तिनं पोराचं ताट एक दिवस चुकवलं नाही. रोज संध्याकाळी ओमच्या नावानं ताट वाढलं जाई, भाकरी, कालवण, मीठ, सगळं. रात्रभर ते झाकून राही. आणि सकाळी ती वाळलेली भाकरी अंजूनं खायची. नवऱ्याच्या ताटातलं बायकोनं खावं, ही रीतच आहे. नवरा जेवला नाही तर काय करायचं, हे रीत बनवणाऱ्यानं सांगून ठेवलेलं नव्हतं.

मध्ये एका ट्रक ड्रायव्हरनं बातमी आणली की हैदराबाद रस्त्यावरच्या निर्मल गावातल्या एका ढाब्यावर ओमसारखा दिसणारा पोरगा ताटं उचलताना पाहिला. रूपसिंग जाऊन आला. तसा कुणी नव्हता. पण धुरपताबाईनं ती बातमी पदराला गाठ मारून ठेवली. कुणी विषय काढला की ती बंजाऱ्यांच्या गोर बोलीतच ठणकावून सांगे, “मार छोरा जिवतो छ.” माझा पोरगा जिवंत आहे. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात; बुडालेल्याच्या आईला तर काडीची सावलीही पुरते. रूपसिंग तिला खोडून काढत नसे. पोरगा माशासारखा पोहायचा, रागीट होता, घरातून निघून जाईन म्हणायचा, हे त्यालाही रोज रात्री आठवायचंच. त्याचा विश्वास अर्धाच होता. पण अर्ध्या विश्वासावर माणसं पुरं आयुष्य काढतात.

यंदा पाऊस कमी पडला, नाला आटला. हत्तीडोह नावाचा जो खोल डोह आहे त्याचंही पाणी खाली गेलं, आणि जाळं टाकायला उतरलेल्या एका भोयाच्या पायाला लोखंड लागलं. बुडी मारून त्यानं चाचपलं. पिकअपचा मागचा फळका. पुढे केबिन, तोंड डोहाच्या खोलगट भागाकडे, आत गच्च वाळू. दार उघडत नव्हतं. गढूळ पाण्यात डोळ्यांना काही दिसेना आणि फुटक्या काचेतून वाळूत हात खुपसायला त्याचा जीव धजेना. आत माणूस आहे की नाही, हे तो सांगू शकला नाही.

टोलनाक्यावरची क्रेन बघून गेली. काठाची काळी माती चाकाखाली ढासळायला लागली तसा ड्रायव्हर म्हणाला, “माही नोकरी जाईल, काका.” पोलीस म्हणाले, पाणी आणखी उतरू द्या, बघू. हे ‘बघू’ सरकारी कपाटात किती वर्षं टिकतं, ते सगळ्यांना माहीत आहे.

त्या दिवशी अंजू सासऱ्यासमोर येऊन उभी राहिली. एरवी ती त्याच्याशी मान वर करून बोलत नसे.

“मामाजी, आपला विंच हाय ना. थो काठापासून लांब उभा करून ओढता येते.”

“गंजला हाय बेटा थो.”

“गंज निघते.”

“आन् मंग?”

“मंग काय! मले पाहाचं हाय. असले आत तर रडीन, एकदाचं रडून घेईन. नसले तर तुमच्यासंगं वाट पाहीन, जन्मभर पाहीन. पन हे असं नोको. तीन वर्सं झाले, मले रडाचीबी परवानगी नाही.”

रूपसिंगला नाही म्हणता आलं नाही. नाही म्हणायला तोंड लागतं, आणि रोज सकाळी सुनेला वाळली भाकरी खाताना पाहणाऱ्याचं तोंड केव्हाच गेलेलं असतं.

काम सुरू झालं. अंजूनं कोंबड्या हाकलल्या, ड्रम रॉकेलनं धुतला, पटाशीनं गंजाचे पापुद्रे सोलले. गिअरचा डबा उघडला तेव्हा आतलं तेल डांबरासारखं झालं होतं. ते तिनं कोपरापर्यंत हात घालून काढलं. रूपसिंग खाटेवर बसून सांगे आणि ती करी. हळूहळू त्याला खाटेवर बसवेना. म्हाताऱ्याच्या हातांना जुनी खाज सुटली. कुठला बोल्ट उलट्या आट्याचा आहे, कुठल्या बेअरिंगला ग्रीस किती, हे सांगता सांगता तो स्वतःच पाना घेऊन आत घुसायला लागला. खोटं कशाला बोला, ते काही आठवडे त्याला बरे गेले. आपण हे कशासाठी करतोय ते तो दिवसातून बराच वेळ विसरायचा.

दोन गोष्टी मात्र तेव्हाच घडल्या आणि तेव्हाच समजायला हव्या होत्या.

पहिली अशी. ड्रमच्या बाजूच्या पत्र्यावर रंगाचे थर होते, पिवळा, हिरवा, परत पिवळा. अंजू खरवडत गेली तशी सगळ्यात खाली निळी अक्षरं दिसायला लागली: ‘ओम’. पोरगा जन्मला त्या साली रूपसिंगनं पांढरकवड्याच्या पेंटरकडून लिहून घेतलं होतं. रूपसिंग धावत आला. “तेवढं राहू दे! त्याच्या भोवतून रंग मार.” अंजूनं अक्षरांवर बोटं फिरवली, कडेला फुगलेला रंग दाबून पाहिला आणि म्हणाली, “गंज याच्याच खाली हाय, मामाजी. ठेवला तर पत्रा खाईल.” आणि तिनं पटाशी चालवली. निळा भुगा तिच्या मांडीवर पडत राहिला. रूपसिंग दोन दिवस तिच्याशी बोलला नाही.

दुसरी गोष्ट कुत्र्याची. ड्रमच्या दात्यात अडकून त्याला उलटा फिरू न देणारा जो लोखंडी खटका असतो त्याला या धंद्यात कुत्रं म्हणतात. विंचचं कुत्रं कधीच तुटून पडलं होतं. अंजू म्हणाली, लेथवाल्याकडून नवं करून आणू. रूपसिंग म्हणाला, “कायले? ब्रेकचा पट्टा पुरते. म्या पंधरा वर्सं बिनकुत्र्याचा चालवला.” तेही खरंच होतं. अंजूनं पट्ट्याला आतून नवं लायनिंग, ड्रमला घट्ट धरणारा थर, लावून आणलं, रिव्हेट स्वतः ठोकले आणि पट्टा ड्रमवर चढवला.

मग चाचणी झाली. शेजारचा रवी एस.टी.च्या वर्कशॉपात काम केलेला. त्यानं मिलिटरी ट्रकचं इंजिन खोकत-ओकत चालू केलं. समोर त्याचाच ट्रॅक्टर, भरल्या ट्रॉलीसकट, उतारावर उभा केला. विंचनं ते धूड वर ओढलं. रूपसिंगनं गिअर काढून नुसता ब्रेक धरला. ट्रॉली जिथल्या तिथे उभी राहिली, बोटभरही मागे सरकली नाही. तांड्यातली माणसं ओरडली. आणि अंजू हसली. तीन वर्षांत कुणी तिचे दात पाहिले नव्हते.

“मंग मामाजी, कधी निघाचं?”

रूपसिंग फडक्याला हात पुसत राहिला. विंच चालतो, म्हणजे पिकअप निघेल. पिकअप निघेल, म्हणजे दार उघडेल. झाकली मूठ सव्वा लाखाची असते. ती उघडायची वेळ आली की हात आपोआप आवळतो.

“रंग राह्यला ना,” तो म्हणाला. “उघड्या लोखंडावर पानी बसलं तर सारी मेहनत वाया.”

असा तो रंग सुरू झाला होता. आधी तांबडा प्रायमर, तो वाळू द्यायचा. मग पिवळ्याचा पहिला हात, मग दुसरा. मग पिवळा फिका वाटला. मग धूळ बसली म्हणून घासून परत. अंजू रोज आभाळाकडे बघायची.

धुरपताबाई या सगळ्यापासून लांब होती. विंचकडे ती पाठ करून बसे. चाचणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अंजू हातपंपावर पाण्याला गेलेली असताना रूपसिंग तोंड धुऊन आला, आणि त्याला दिसलं ते पाहून तो जागीच थांबला. धुरपताबाई ट्रकवर चढली होती. हातात गोडंतेलाची वाटी. पट्ट्यावरचं झाकण तिनं उचललं, वाटीत बोट बुडवलं आणि पट्टा ड्रमला टेकतो त्या फटीतून हळूच फिरवलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला तेल लावतात ना, अगदी तसं. ओठ पुटपुटत होते. झाकण लावून ती खाली उतरली, तेव्हा नवरा समोर होता.

आता हे समजायला जुनी गोष्ट माहीत हवी. लग्न होऊन नवी आली तेव्हा धुरपताबाईनं पोळ्याला असंच केलं होतं. घरात बैल नाही, बैलासारखा राबतो तो विंच, तर त्याचाच खांदा मळावा, या भोळ्या मायेनं तिनं बरोबर ब्रेकच्या पट्ट्यालाच तेल चोळलं. दुसऱ्या दिवशी पट्टा घसरला आणि अर्ध्यावर आलेला एक ट्रक परत नाल्यात गेला. रूपसिंग तेव्हा असा ओरडला होता की शेजारच्या तांड्यानं ऐकलं: “या पट्ट्याले पुन्हा तेलाचं बोट लावलं तर हात तोडीन!” त्यानंतर सारं आयुष्य गेलं. तिनं विंचला लांबून कुंकवाचं बोट लावलं असेल, तेलाचं कधी नाही.

म्हणजे तिला माहीत होतं. आणि तिला माहीत आहे, हे त्याला माहीत होतं.

दोघं तशीच उभी राहिली. धुरपताबाईनं वाटी लपवली नाही, नजर चुकवली नाही. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, याचना होती. तोड आता माझा हात, असं जणू ती म्हणत होती. रूपसिंगनं एक शब्द काढला असता तर पट्टा रॉकेलनं पुसायला असा कितीसा वेळ लागणार होता! त्यानं घसा खाकरला. मग ब्रश उचलला, डबा ढवळला आणि गिअरच्या डब्याला आणखी एक हात द्यायला बसला.

त्यानंतर रोज सकाळी अंजू पाण्याला गेली की तेलाचं बोट लागे. रूपसिंग तेव्हा परसात दात घासत असे. वेड पांघरून पेडगावला जाणं म्हणतात ते हेच. आणि पेडगाव एकदा गाठलं की तिथे घरासारखंच वाटायला लागतं. आपण काही केलं नाही, आपण फक्त रंग देतोय, असं तो मनाला सांगे, आणि मनाला ते पटेही.

शेवटी अंजूनंच रंगाच्या डब्यावर झाकण ठोकलं. दक्षिणेकडून ढग यायला लागले होते. भोयानं निरोप धाडला होता की वर कुठे एक पाऊस झाला तरी डोह भरेल, मग मी उतरणार नाही. अंजू म्हणाली, “सोमवारी निघाचं, मामाजी. रंग झाला तेवढा झाला.”

सोमवारी अर्धा तांडा काठावर आला. पिवळाजर्द विंच उन्हात नव्यासारखा चमकत होता, इतका की एका पोरानं त्याच्यासोबत फोटो काढून घेतला. काठापासून लांब, कठीण जमिनीवर ट्रक उभा करून चाकं मोहाच्या झाडाला साखळीनं बांधली. मधल्या एका झाडाला पुली टांगून रोप डोहाकडे नेला. भोयानं बुडी मारून साखळी पिकअपच्या चेसिसला अडकवली आणि वर येऊन हात हलवला. रवी इंजिनवर बसला. रूपसिंग विंचच्या ब्रेकच्या दांड्याशी. धुरपताबाई लांब एका दगडावर, हात जोडून. ती कुणाला काय मागत होती, हे फक्त रूपसिंगला कळत होतं.

इंजिन गुरगुरलं. रोप ताठ झाला. डोहाचं पाणी आधी फुगलं, मग तपकिरी झालं आणि त्यातून पिकअपची मागची बाजू वर यायला लागली. शेवाळ, चिंध्या, फांद्या लोंबत होत्या. फळक्यावरचा चिखल ओघळून खाली गेला आणि लाल अक्षरं दिसली: ‘ओम अंजू’. लग्नानंतर ओमनं हौसेनं लिहून घेतली होती ती.  अंजू साडी खोचून पाण्यात उतरली.

मागची चाकं वर आली आणि काठाखालच्या कातळाला अडली. इंजिन जोर लावायला लागलं तसा रोप कुरकुरला.

“थांबव!” रूपसिंग ओरडला. “पुली वरच्या झाडाले न्या लागते. वरून ओढलं तर कातळ सुटन.”

म्हणजे गिअर काढायचा, रोप दुसऱ्या साखळीनं अडकवून पुली हलवायची, आणि तेवढा वेळ सगळा भार ब्रेकवर. रूपसिंगचा हात दांड्यावर गेला. त्या क्षणापर्यंत त्याला खरंच वाटत होतं की तेल उडून गेलं असेल, वाळलं असेल, उन्हानं काय ते केलं असेल. त्यानं ब्रेक दाबला. पट्टा बसला. ड्रम थांबला. रवीनं गिअर काढला आणि साखळी घेऊन पुलीकडे पळाला.

पिकअप थांबलेली पाहून अंजू पुढे सरकली. कमरेएवढ्या पाण्यात, फळक्याला धरून, बाजूबाजूनं केबिनपर्यंत. केबिनची मागची काच अर्धी पाण्याबाहेर आली होती. तिच्यावर चिखलाचा जाड लेप होता. तो पुसायला तिनं हात लांब केला.

ड्रमनं एक लहानसा हुंकार दिला.

तव्यावर तेल सोडल्यावर धिरडं सरकावं तसा ड्रम पट्ट्यात सरकला. आधी बोटभर, मग वीतभर. “अंजू! मागं हो!” रूपसिंगनं ओरडून अख्खं अंग दांड्यावर टाकलं. आता तो खरोखर धरत होता, दात-ओठ खाऊन, जीव एकवटून धरत होता. पण पट्टा नुसता घसरत होता, धूर ओकत होता, आणि त्या धुराला फोडणी जळाल्याचा वास येत होता. रोप सुसाट सुटला. पिकअप मागे गेली. भोयानं अंजूचा दंड धरून तिला बाजूला ओढलं म्हणून ती वाचली. शेवटचे वेढे संपले, रोप टोकाला लागला, हिसका बसला, आणि पाण्याखाली काहीतरी कडकन् मोडलं. मग बुडबुडे आले. बराच वेळ येत राहिले.

रवीनं रोप गुंडाळून घेतला तेव्हा तो हलकाच आला. साखळीत गंजलेल्या चेसिसचा हातभर तुकडा होता.

भोई डोहाच्या मध्याकडे बघत म्हणाला, “तिकडं खड्डा हाय, काका. तिथं माह्या बापालेबी बूड नाही लागलं. म्या नाही उतरत आता.” आणि त्यानं अंगरखा उचलला. वरच्या अंगाला ढग गडगडले. माणसं एकेक करून वळली. असं काही घडलं की लोक आधी हळहळतात, मग त्यांना घरची कामं आठवतात.

अंजू ओलीचिंब, ट्रकवर चढली. रूपसिंग अजून दांडा धरून होता. सोडायचं त्याला सुचलं नव्हतं. तिनं झाकण उचललं, पट्ट्याला बोट लावलं, ते नाकाशी नेलं. बोटाला बोट चोळून पाहिलं.

“गिअरचं तेल नाही हे,” ती म्हणाली.

“लायनिंग जळलं, बेटा. जुना विंच...”

“लायनिंग म्या बसवलं, मामाजी. नवं हाय.”

तिनं मान वळवून दगडाकडे पाहिलं. धुरपताबाई उठून उभी राहिली होती. तिचे जोडलेले हात तसेच होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पाणी सुटकेचं होतं हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. अंजूनं मग सासऱ्याकडे पाहिलं, नीट, पहिल्यांदाच इतकं सरळ. त्याला वाटलं ही आता ओरडेल, शिव्या देईल, पाना उचलून डोक्यात घालेल. तिनं तसं केलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

“पुढच्या उन्हाळ्यात...” तो पुटपुटला.

अंजूनं ओला पदर पिळला आणि खाली उतरली. घरापर्यंतची वाट ती सगळ्यांच्या पुढे चालली, आणि एकदाही मागे बघितलं नाही.

त्याच संध्याकाळी पाऊस लागला. धुरपताबाईनं चूल पेटवली. कित्येक महिन्यांत तिचा हात इतका चपळ नव्हता चालला. “निघाली नाही ना?” ती चुलीशी बोलावं तसं म्हणाली. “देवाच्या मनात नोहतं. मार छोरा जिवतो छ.” तिनं ओमचं ताट वाढलं, गरम भाकरी ठेवली, त्यावर दुसरं ताट झाकलं. रूपसिंग भिंतीला टेकून बसला होता. मूठ झाकलेलीच राहिली होती, सव्वा लाखाची. पण ती आता कुणाच्या गळ्याभोवती आवळली आहे, ते त्याला समोरच दिसत होतं.

सकाळी पाऊस थांबला होता. नाल्याचा आवाज तांड्यापर्यंत येत होता. कडुलिंबाखाली पिवळा विंच धुऊन लख्ख झाला होता, रंग कुठेही सोलपटला नव्हता. अंजू अंघोळ करून आली, आरशापुढे उभी राहून तिनं कुंकू लावलं आणि चुलीजवळ येऊन ओमचं ताट पुढ्यात ओढलं. भाकरी वाळून कडक झाली होती. तिनं तुकडा मोडला, तोंडाजवळ नेला, परत खाली ठेवला.

“याडी,” ती शांतपणे म्हणाली, “भाकरीवर घ्याले तेल उरलं का थोडं?”

धुरपताबाई चुलीपासून वळली. वाटी तिच्या मागेच, कोनाड्यात होती. तिनं ती पुढे सरकवली. तळाशी बोटभर तेल होतं. अंजूनं ते भाकरीवर ओतलं, मीठ घेतलं आणि सगळी भाकरी खाल्ली, शेवटच्या तुकड्यापर्यंत. कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

मग तिनं ताट राखेनं घासलं, धुतलं, पदरानं पुसलं आणि संध्याकाळसाठी त्याच्या जागेवर ठेवून दिलं.